उपवास आणि मूत्रपिंड

महाशिवरात्र आली म्हणजे औंढा नागनाथाच्या यात्रेबरोबर हिंगोलीकडे घरोघरी रताळी, बटाटे, केळी व शहाळी येतात. निरोग्यास हा आहार हितकर. परंतु ज्याचे मूत्रपिंड क्षीण झाले आहे, त्यास तो घातक ठरू शकतो. या साऱ्या जिनसांत पोटॅशियम विपुल असते, आणि दुर्बळ मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल असावे, ६.५ च्या वर हृदय अकस्मात बंद पडण्याचे भय असते, आणि पूर्वसूचना पुष्कळदा मिळतही नाही.

अशा समयी घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. तेथे हृदयाच्या रक्षणार्थ शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, केवळ अवधी मिळतो. मग इन्सुलिन व ग्लुकोज देऊन ते पेशींत लोटतात. शरीराबाहेर काढण्यास औषधे अथवा डायलिसिस लागते.

‘कमी सोडियमचे’ मीठही अशा रोग्यास वर्ज्य समजावे. त्यात बहुधा पोटॅशियमच असते.

रोग्यास शास्त्रानेही उपवासातून सूट दिली आहे. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचे फराळाचे ताट वाढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा, अशी आमची गृहिणींस विनंती आहे.