तांब्याभर पाणी फुलांसाठी

मैत्रिणींनो, डेल्फिनियमचे उंच निळे तुरे चित्रात पाहिले की कुणालाही हौस येते. बियांच्या पाकिटावर ‘उन्हाळी फूल’ असं छापलेलं असतं. मग लोहा-कंधारकडची एखादी हौशी बाई मार्चमध्ये बी पेरते, रोपं करपली की म्हणते, “माझ्या हाताला गुणच नाही!”

हाताला गुण असतोच हो, चुकतो तो हंगाम. डेल्फिनियम हे थंड हवेचं झाड. युरोपात ते ज्या उन्हाळ्यात फुलतं, तो आपल्या हिवाळ्यासारखा. त्याचीच एक जात आपल्या सह्याद्रीत आहे, तीही पावसाळा सरता सरता फुलते. म्हणून आपल्याकडे बी दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेरावं. त्यातही एका हंगामात फुलणारा लार्कस्पर निवडावा. माळेगावच्या यात्रेच्या थंडीत रोपं जोम धरतात आणि उन्हं तापण्याआधी फुलं येतात. एक मात्र सांभाळा, हे झाड विषारी आहे, बी तर फारच. लेकरं आणि शेळ्या लांब ठेवा.

मग उन्हाळ्यात अंगण ओसाड ठेवायचं का? मुळीच नाही. मोगऱ्याचा बहर तर उन्हाळ्यातलाच. सदाफुली उन्हाला दाद देत नाही. निळ्या रंगाची हौस गोकर्णाचा वेल भागवतो.

राहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात “प्यायला नाही अन् फुलांना कशाला?” असं घरात कुणी म्हणालं तर त्यात खोटं काही नाही. पण तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मोरीत जातं, ते झाडांना घाला. बिनरंगाचं मातीचं मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरून मुळांशी जातं, उन्हात उडून जात नाही. आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल आणखी टिकते.

टँकर आला की घागरी घेऊन धावते ती बाईच. कुणाला किती पाणी लागतं, हा घरातला हिशेबही तीच ठेवते. त्या हिशेबात तिच्या मोगऱ्याचा एक तांब्या धरला, तर त्याला चोचले म्हणू नये. आणि तो धरायला तिनेही कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये.