कोळेरोग गडगा बघत नाही

इन्सुली-बांदा पट्ट्यात पाऊस लागून राहिला की पोफळीखाली हिरव्या सुपारीचा सडा पडतो. मग सुरू होतं, "आता काय करुचा?" आता उशीर झाला! १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे बोर्डो मिश्रण घोसांवर पावसाआधीच बसायला हवं, पुन्हा ४०-४५ दिवसांनी. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच उपाय रुजवला.

पण एकाने फवारायचं आणि शेजारची मुंबईकराची बाग तशीच कुजायची, तर वारा-पाऊस रोग परत आणणारच. झाडावर चढणारा माणूस मिळत नाही, खरं आहे. म्हणूनच अख्ख्या वाडीने मिळून माणूस ठरवा, मुंबईकरांकडूनही वाटा घ्या. भरपाईचे अर्ज नंतर. आधी गळलेली सुपारी उचला!