म्यूट केलं म्हणजे नातं तोडलं नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांनीही वाचावं, रागावले तरी चालेल.

मागच्या पावसाळ्यात भाच्याने पहाटे घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "आईला नांदेडला हलवतोय." तो निरोप मी वाचला दुपारी एक वाजता. तोवर त्यावर सूर्योदय, गुलाब, सुविचार आणि मधुमेहावरचा कारल्याचा रस असा ढिगारा पडला होता. टिंगटिंग ऐकून माझे कान मेले होते. कळमनुरीहून नांदेड काही फार लांब नाही, पण मी पोचलो तेव्हा ताई शुद्धीवर नव्हती. (पुढे बरी झाली, ही तिची पुण्याई.) फोन का केला नाहीस, विचारलं तर भाचा म्हणाला, "ग्रुपवर टाकलं होतं ना मामा!"

त्याच आठवड्यात नातीकडून शिकून घेतलं. चार ग्रुप कायमचे म्यूट. फोटो आपोआप उतरणं बंद. अनोळखी माणसाने मला ग्रुपात ओढू नये, तीही सोय केली. आणि एक ग्रुप सोडलाच. 2022पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते म्हणे. पण अ‍ॅडमिन आमचे साडू! लगेच फोन, "साडूभाऊ, आम्ही जड झालो का?"

इथंच माझं भांडण आहे. शाळेची घंटा दर मिनिटाला वाजली तर कोणतं पोर वर्गात येईल? घंटेला मान हवा तर ती वेळेवरच वाजली पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. उत्तम! पण दरवेळी पोरांचाच कान का धरायचा? पहाटे पाचपासून गुलाब वाटणारे तर आमच्याच वयाचे. आम्हाला भोंगा कोण वाजवणार?

म्हणून आपला आपणच वाजवावा. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न जमलं, तर फोन करा. सुविचार वहीत लिहा, जमलाच तर आचरणात आणा.

असो. साडूभाऊ रविवारी घरी आले. चहा झाला, दोन तास बोललो. ग्रुपवर सहा वर्षांत एवढं बोललो नव्हतो.