पगाराच्या आधीचे लंडन



मागच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकच्या एका जागेसाठी मुलाखती झाल्या. निवड समितीत मीही होतो. पहिल्या क्रमांकावर आली ती मराठवाड्यातल्या एका लहान गावातून शिकून वर आलेली मुलगी. मुलगी म्हणायचे एवढेच, तिला नवरा आणि दोन लहान मुले आहेत. काम इतके चोख की समितीत वाद झालाच नाही. आम्ही पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी तिचे उत्तर आले: सर, हिशेब जमत नाही, माफ करा.

तो हिशेब मी तिच्याकडून मागवून घेतला आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुन्हा मांडला. तिचे काही चुकले नव्हते.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला येणाऱ्या बहुतेकांना व्हिसाच्या फीबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मोठ्या माणसामागे १,०३५ आणि अठरा वर्षांखालच्या मुलामागे ७७६ पौंड झाला. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे सगळे पैसे अर्ज करतानाच भरायचे. तीन वर्षे, दोन मोठी माणसे, दोन मुले: १०,८६६ पौंड, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. व्हिसाची फी आणि विमानाची तिकिटे वेगळी. इथे आल्यावर पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो आणखी वेगळा, म्हणजे एकाच दवाखान्याचे पैसे दोनदा. आमची संस्था तिचा स्वतःचा अधिभार परत द्यायला तयार होती. पण रुजू झाल्यावर, पावती दाखवल्यावर. नवऱ्यामुलांचा तिचा तिने बघायचा.

लंडन महाग आहे हे कोणाला सांगायला नको. पण महागाईशी माणूस जुळवून घेतो, लांबच्या झोनमध्ये राहतो, डबा नेतो. अडचण वेगळीच आहे. हे शहर पहिला पगार हातात पडण्याआधीच सगळे मागते, आणि तेव्हा तुमच्या पदवीचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो घरच्या शिलकीचा.

मी २००९ साली आलो तेव्हा अधिभार नव्हता. तरी घरमालकाने सहा महिन्यांचे भाडे एकदम मागितले, कारण इथल्या बँकेत माझी काही पत नव्हती. वडिलांनी मुदतठेव मोडली. पुढे कितीतरी वर्षे गणपतीच्या जेवणाला मी ‘दोन सुटकेसी घेऊन आलो’ ही कथा रंगवून सांगत असे. मुदतठेवीचा भाग त्यात कधी येत नसे.

घराच्या बाबतीत कायदा आता पुष्कळ बरा झाला आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने अनामत रक्कम सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. २०२५ च्या कायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे मागायलाही मनाई केली. पण जामीनदार मागता येतोच, आणि नव्या माणसाला तो कुठून मिळणार? पाळणाघराचेही तसेच. नोकरदार आईवडिलांच्या नऊ महिन्यांपासूनच्या मुलांना शाळेच्या सत्रात आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने मिळतात. मात्र दोघांच्याही व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असे लिहिलेले असेल तर ही सवलत नाही. कर मात्र भरायचा.

किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले. डॉ. आंबेडकर तिथे का राहिले हे आपण पाहुण्यांना सांगतो. लंडनला दोनदा का यावे लागले ते सांगत नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये परत आले. गुणवत्ता १९१७ सालीही तीच होती.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठीचा निर्वाहभत्ता अनेक वर्षे वर्षाला ९,९०० पौंड होता. ऑक्टोबर २०२० पासून ब्रिटिश सरकारचा स्वतःचा नियम लंडनमधल्या विद्यार्थ्याला महिना १,३३४ पौंड लागतात असे धरत होता. नऊच महिन्यांचे १२,००६ होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो आकडा १,५२९ वर गेला. दलित घरातल्या मुलाने ही तूट कुठून भरायची? दुसरीकडे जून २०२५ मध्ये इथल्या सरकारने निवडक नामवंत संशोधकांना आणण्यासाठी ५ कोटी ४० लाख पौंडांचा निधी जाहीर केला, त्यात स्थलांतराचा खर्चही धरला आहे. ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याचे सामान सरकार उचलणार.

आपण आरक्षणावर परिसंवाद घेतो, तेही हवेतच. पण आपल्यातले पुष्कळजण आज निवड समित्यांवर बसतात. ‘अधिभार कुटुंबासकट आणि आगाऊ भरा’ असे लेखी मागणे अवघड नाही. मी ते मागितले. अजून उत्तर नाही. त्या मुलीची जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने घेतली. मुलगा हुशार आहे, एकटा आहे, त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

दुसरी गोष्ट जामिनाची. गेल्या महिन्यात मी एका विद्यार्थिनीच्या भाडेकराराला जामीन राहिलो. भाडे थकले तर, असे सौ.ने विचारले. खरे सांगायचे तर सही करण्याआधी मीही दोन दिवस घालवले होते. तुम्ही राहणार असाल तर दोन गोष्टी कागदावर नक्की घालून घ्या: आपल्या जबाबदारीची कमाल रक्कम, आणि त्याच घरातल्या इतर भाडेकरूंची थकबाकी आपल्याकडे येणार नाही हे. एजंट आधी नाही म्हणतो. नेट धरला की लिहून देतो.