मुंबई आपली, मग नेव्हिल कोणाचा?

राजगडाच्या पायथ्याशी आमचे गुंजवणे. शनिवार-रविवारी पुण्याकडची मंडळी चोरदरवाजाच्या वाटेने गड चढायला येतात आणि आमची पोरे वाटेत सरबताच्या बाटल्या, ताकाच्या कळश्या घेऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शहरी गृहस्थाने सरबताचे पैसे देता देता अंगातला जादा सदरा काढून एका पोराला देऊन टाकला. गडद निळा सदरा, पाठीवर दहाचा आकडा आणि वर नाव : एमबापे. सदरा पोराच्या गुडघ्यापर्यंत येई. तोच घालून तो शाळेत येऊ लागला आणि भातकापणी झालेल्या खाचरात, खुंट पायांना टोचत असतानाही, अनवाणी चेंडू हाणू लागला. एमबापे कोण हे मला त्यानेच सांगितले. फ्रान्सचा आघाडीचा खेळाडू. 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले आणि तरीही त्याचा संघ अर्जेंटिनापुढे हरला. हे सांगताना पोराचा आवाज असा दाटून आला, की जणू फ्रान्स म्हणजे आमच्या खालच्या आळीतच आहे.

माझी मास्तरकी जागी झाली. मी म्हणालो, "परक्याचं नाव पाठीवर कशाला मिरवतोस? आपल्यातल्या कुणाचं तरी घाल की!"

पोर म्हणाले, "गुर्जी, आपल्यातला कोन हाय, त्ये सांगा. त्याचं घालतो."

वाचकहो, मी मॅट्रिक झालेला माणूस. दोन-तीन कादंबऱ्या नावावर असल्याने गावात मला सर्वज्ञ समजतात. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एक नाव निघाले नाही. नामुष्की झाकण्यासाठी मी जे बोललो, ते आज कबूल करतो. मी म्हणालो, "अरे, फुटबॉल हा आपला खेळच नव्हे."

हे वाक्य काही माझे नव्हते. पुढे थोड्याच दिवसांनी एका बक्षीससमारंभात आलेल्या पाहुण्यांनी तेच वाक्य व्यासपीठावरून ऐकवले. फुटबॉल बंगाल्यांचा, मल्याळ्यांचा, गोवेकरांचा. मराठी मातीचे खेळ म्हणजे कुस्ती नि कबड्डी, आणि क्रिकेट तर आपल्या रक्तातच आहे! टाळ्या पडल्या. समोर निळा सदरा बसला होता आणि त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेची लाज वाटली म्हणून मी शोध घ्यायला बसलो. जे सापडले ते दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो. गोड लागेलच, असे नाही.

1 डिसेंबर 1956. मेलबर्न ऑलिंपिकमधला फुटबॉलचा उपान्त्यपूर्व सामना, भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. भारताने गोल करावा, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधावी. पुन्हा भारताने करावा, पुन्हा त्यांनी फेडावा. उत्तरार्धात भारताने तिसरा गोल केला, मग कृष्णस्वामीने चौथा घातला आणि सामना 4-2 असा जिंकला. त्या चारांतले पहिले तीन गोल एकाच माणसाचे. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच्यामुळे भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत गेला. त्याआधी आशियातला एकही देश तिथवर पोहोचला नव्हता. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा. तो खेळे मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून, नंतर कॅलटेक्सकडून.

मुंबईत! माझ्या पोराने जे नाव मागितले, ते पुण्याहून रेल्वेने तीन-चार तासांवर होते आणि मी त्याला सांगितले की असे कोणी नाही.

आता आक्षेप येतील, येऊ द्यात. पहिला आक्षेप जाणकारांचा. म्हणतील, त्या ऑलिंपिकमध्ये मैदानात उतरले अकराच संघ. हंगेरी आलाच नाही म्हणून भारताला पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळाली. शिवाय खेळणारे सारे हौशी. हे सगळे खरे आहे. पण हौशी म्हणून ज्यांची नोंद होती त्या सोविएत संघात लेव याशिनसारखा गोलरक्षक होता, आणि उपान्त्य फेरीत भारतापुढे उभा राहिला तो युगोस्लाव्हिया. या युगोस्लाव्हियाशी आपले जुने देणे होते. चारच वर्षांपूर्वी, 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत आपली पोरे बहुतेक अनवाणी खेळली होती आणि त्यांनी आपल्यावर 10-1 असा दारुण विजय मिळवला होता. त्यानंतरच आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. तर 1956 साली त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धाच्या आरंभी पहिला गोल झाला तो आपला, आणि तो केला नेव्हिलने. काही मिनिटे का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. मग ते सावरले आणि 4-1 ने जिंकले. ब्राँझपदकासाठी बल्गेरियाने आपल्याला 3-0 असे हरवले. आपला चौथा क्रमांक आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याच्या वर भारत कधीच गेलेला नाही. स्पर्धेत सर्वांत जास्त, म्हणजे चार गोल करणारे तिघे होते : एक युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, एक बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि एक मुंबईचा नेव्हिल.

फ्रान्सची गोष्ट काढली आहे तर पुरी करू. दोन वर्षांनी, 1958 साली, स्वीडनमध्ये विश्वचषक झाला. फ्रान्सच्या संघातला एक आघाडीचा खेळाडू दुखापत होऊन बाहेर गेला, म्हणून जुस्त फाँतेनला जागा मिळाली. त्याचे बूट फाटले, म्हणून संघातल्या सोबत्याचे बूट मागून घेऊन तो खेळला. मागून आणलेल्या त्या बुटांनी त्याने सहा सामन्यांत तेरा गोल केले. एका विश्वचषकात तेरा! 2022 पर्यंतच्या एकाही स्पर्धेत कोणाला हा आकडा गाठता आलेला नाही. त्यात युगोस्लाव्हियाविरुद्धचे दोन होते आणि तो सामना फ्रान्स हरला होता. पुढे पायाचे हाड दोनदा मोडले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी, 1962 साली त्याचा खेळ संपला. किती अल्पायुषी कारकीर्द! पण 2023 साली तो वारला तेव्हा साऱ्या जगातल्या वर्तमानपत्रांनी तो तेराचा आकडा छापला. त्याचा जन्म मोरोक्कोतल्या माराकेशचा. फ्रान्समध्ये कोणी म्हटले नाही की हा समुद्रापलीकडचा, हा आमचा कसा?

आणि नेव्हिल? 1958 साली कॅलटेक्सने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला त्या संघात तो होता. 1961 पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलपटूंची नावे निघत राहिली, नेव्हिलचे कधी निघाले नाही. 1980 साली, पन्नाशीही न गाठता तो गेला. मराठी शाळेच्या कोणत्या पुस्तकात त्याचा धडा मी शिकवला? कोणत्याच नाही. खाशाबा जाधवांची आपण निदान आठवण काढतो. 1952 च्या त्यांच्या ब्राँझपदकाला अर्जुन मिळायला 2001 साल उजाडावे लागले, तेही त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. पण गोळेश्वरचा हा मल्ल आपला, हे तरी कोणी नाकारत नाही.

दुसरा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, पण खरा तोच आहे. डिसूझा आडनावाचा, मूळ गोव्याकडचा ख्रिस्ती माणूस, तो मराठी कसा? या प्रश्नाला उत्तर द्यायला मला एक तारीख पुरते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य आपल्या माथी मारले गेले. नेव्हिलने मेलबर्नला गोल केले ते त्यानंतर बरोबर एका महिन्याने. त्या महिन्यात सारा महाराष्ट्र एकाच घोषाने दुमदुमत होता : मुंबई आमची! त्यासाठी शंभरावर माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या होत्या. आमच्या मावळातून गिरणीत गेलेली माणसेही त्या मोर्चांत होती. त्यांच्या कहाण्या ऐकतच आम्ही वाढलो. तेव्हा मी विचारतो, आपण मुंबई मागितली ती कोणती? नुसते बंदर आणि गिरण्यांची धुराडी? गिरगावची चाळ आपली आणि कुपरेजचे मैदान परके? मुंबई घ्यायची तर तिच्यातला भेंडीबाजार घ्यावा लागतो, वांद्र्याची क्रूसाची गल्ली घ्यावी लागते, आणि ऑलिंपिकमध्ये तीन गोल घालणारा नेव्हिलही घ्यावा लागतो. शहर आपले म्हणायचे आणि त्यातली माणसे आडनाव बघून निवडायची, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

तिसरा आक्षेप पाहुण्यांचा : मराठी मातीत हा खेळ नाही. त्या गृहस्थांनी एकदा कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठापेठांत काय होते ते बघावे. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळतात तिथे! आखाड्याची माती आणि फुटबॉल यांचे वैर कोल्हापूरने कधी मानले नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण हेही खरे, की ज्या कचेऱ्या-कंपन्यांच्या नोकरीवर मुंबईचा खेळाडू जगत होता तो आधार खचत गेला. रोव्हर्स चषक बंद पडला. देशाचे विजेतेपद मिळवलेला महिंद्र युनायटेड संघही 2010 साली मोडला. तेव्हा खेळ आपला नव्हता असे नव्हे. आपण तो सांभाळला नाही. आणि न सांभाळलेली वस्तू मुळात आपली नव्हतीच, असे म्हणणे सोयीचे असते. मीही तेच केले होते.

हे सगळे मी पोराला सांगितले. वर्गातच सांगितले, सगळ्यांसमोर, "मागे मी चुकीचं बोललो" असे म्हणून. त्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याचे कुतूहल भलतीकडेच होते. "अनवानी खेळल्याले हेलसिंकीला, बरफात?" बर्फ नव्हते, थंडी होती, असे मी सांगितले, पण ती हकीगत आता खाचरात बर्फासकटच चालू आहे.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघे नसरापूरला गेलो. तिथे सदऱ्यांवर नावे उठवून देणारे एक दुकान आहे. सरबताच्या पैशांतून पोराने नवा सदरा घेतला आणि मी चिठ्ठीवर नाव लिहून दिले. दुकानदार निवडणुकीच्या कामात बुडालेला. त्याने चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि विचारले, "नेव्हिल डिसूझा? कुठल्या वॉर्डातनं उभे आहेत?"

पोरानेच उत्तर दिले. उत्तर लांबले. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही गोल, युगोस्लाव्हिया, बर्फ, सगळे आले. मागे गिऱ्हाइके खोळंबली. दुकानदाराने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "आडनाव सोडून दिलं तर स्वस्तात बसेल."

पोराने माझ्याकडे पाहिले, मग खिशातली नाणी मोजली.

"पुरं लिवा," तो म्हणाला.