मस्टँगचे टाय रॉड सरसकट चालत नाहीत



१९६५-६६च्या फोर्ड मस्टँगला त्या वर्षांतल्या कोणत्याही मस्टँगचा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) बसतो, हे मागील अंकातील पत्रातले विधान धोक्याचे आहे. सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार बोल्टची, व्ही-८ची पाच बोल्टची. दोन्हींचे स्पिंडल आणि टाय रॉड एंड वेगळे. पॉवर स्टिअरिंग असेल तर जोडणी आणखी बदलते. सुट्या भागाच्या क्रमांकातील ‘सी५झेडझेड’ या सुरुवातीवरून दशक, वर्ष आणि मॉडेल कळते. इंजिन कळत नाही. म्हणून जुना भाग शेजारी ठेवून टेपर, आटे आणि लांबी मोजूनच खरेदी करावी. टेपर न जुळता नट आवळला, तर सांधा ढिला होऊन धावती गाडी ताब्यातून जाऊ शकते. स्टिअरिंगच्या बाबतीत अंदाजावर विसंबू नये, ही कळकळीची विनंती.

– एक मराठी वाचक, मिशिगन