सातबाऱ्यावर नसलेली टाकी

शहराबाहेर प्लॉट घेऊन छोटा बंगला बांधायचं खूळ सध्या आमच्या ग्रुपमध्ये जोरात आहे. कोणी मुळशीकडे बघतंय, कोणी कामशेतला, एकाने तर थेट अलिबागजवळ चार गुंठे घेऊनसुद्धा टाकलेत. कँटीनमध्ये विषय एकच. सातबारा क्लिअर आहे का, एनए झालंय का, वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतला का, रस्ता नकाशावर आहे की नुसता एजंटच्या तोंडात आहे, वगैरे वगैरे. ह्या सगळ्यात मी एकदा विचारलं, "संडासाचं पाणी कुठे जाणार?" तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोणाच्या तरी डब्यात झुरळ सोडलंय.

पण प्रश्न खरा आहे ना राव. तिथे ड्रेनेजची लाईन नाही आणि पुढची दहा वर्षं येणारही नाही. म्हणजे सेप्टिक टँक आला. आणि हे फक्त फार्महाऊसवाल्यांचं दुखणं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात सुमारे ३३ टक्के घरं ड्रेनेजच्या पाइपलाइनला जोडलेली होती आणि सुमारे ३८ टक्के सेप्टिक टँकला. शहरी भागात बरं का!

आता ह्या टाकीसाठी कागद काय लागतात? बांधकाम परवानगीसाठी आर्किटेक्ट जो नकाशा देतो त्यात एका कोपऱ्यात 'एस.टी.' असं लिहिलेला चौकोन असतो (लाल डबा नव्हे) आणि शेजारी शोषखड्ड्याचा गोल. मापं कशी असावीत ह्याला भारतीय मानक आहे, आयएस २४७०. पाणी किमान एक मीटर खोल, टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, क्षमता किमान हजार लिटर, आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब. नकाशा मंजूर होतो, बांधकाम होतं, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं (किंवा मिळत नाही, तो वेगळा लेख होईल). आणि तिथे त्या टाकीचं सरकारदरबारचं आयुष्य संपतं.

म्हणजे बघा, सातबाऱ्यावर विहीर असते, आंब्याची झाडं असतात. टाकी नसते. खरेदीखतात खोल्या मोजलेल्या असतात, इंडेक्स टू मध्ये क्षेत्रफळ असतं. टाकी नसते. घरपट्टीच्या पावतीवरही ती शेवटची कधी उपसली ह्याचा रकाना नसतो. आपल्याकडे टाकी बांधायची परवानगी आहे, टाकीची नोंद नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की परवानगीपेक्षा नोंद जास्त महत्त्वाची.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. एखादा सर्व्हर विकत घ्यायला सतरा अप्रूव्हल लागतात, पण तो नक्की कुठल्या रॅकमध्ये आहे, त्यावर काय चाललंय आणि शेवटचा पॅच कधी मारला ह्याची यादी कोणी ठेवत नाही. मग तो रात्री तीन वाजता बंद पडतो. सेप्टिक टँक तसाच. तो काही जादूचा डबा नाही. जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. जिवाणू थोडा गाळ खातात, सगळा नाही. उरलेला साठत जातो आणि दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. नाही उपसला तर तो शोषखड्ड्यात उतरतो, तिथली माती गच्च होते, आणि मग पाणी एकतर तुमच्या अंगणात येतं किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत जातं. पहिल्यात निदान कळतं तरी.

माझ्या काकांनी सेकंडहँड बंगला घेतला होता. टाकी भरली तेव्हा झाकण कुठे आहे तेच कोणाला माहीत नव्हतं. आधीच्या मालकाने पोर्चमध्ये वरून फरशी बसवली होती. टँकरवाला आला, काठी आपटून आवाज ऐकत फिरला, चार ठिकाणी फरशी फोडली. मंजूर नकाशाप्रमाणे टाकी घराच्या मागे होती, प्रत्यक्षात पुढे निघाली. शोषखड्डा तर सापडलाच नाही, टाकीचा पाइप सरळ ओढ्याकडे गेलेला. नकाशावर सही-शिक्का मात्र सगळा व्यवस्थित.

आता दुसरीकडचं सांगतो. आमच्याच कॉलेजचा एक मित्र डब्लिनला असतो. त्याने गेल्या वर्षी शहरापासून तासाभरावर एका खेड्यात जुनं घर घेतलं. व्यवहाराच्या वेळी त्याच्या सॉलिसिटरने विकणाऱ्याकडे जी कागदांची यादी पाठवली त्यात एक ओळ होती - सेप्टिक टँकच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. ह्याला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. तिथे कायद्यानेच विकणाऱ्याने ते प्रमाणपत्र घेणाऱ्याला द्यावं लागतं.

ह्याच्यामागची गोष्ट मजेशीर आहे. आयर्लंडमध्ये सुमारे पाच लाख घरं अशा टाक्यांवर आहेत आणि कित्येक वर्षं त्यांच्याकडेही आपल्यासारखंच होतं, बांधताना परवानगी आणि मग रामभरोसे. ऑक्टोबर २००९ मध्ये युरोपियन कोर्टाने आयर्लंडला दोषी ठरवलं की ह्या टाक्यांच्या देखरेखीची तुमच्याकडे पुरेशी व्यवस्थाच नाही. त्यातून एकच काउंटी वगळली होती, कॅव्हन, कारण त्यांनी स्वतःचे स्थानिक नियम आधीच केलेले होते. (एका जिल्ह्याला जमतं ते देशाला जमत नाही, हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असं नाही तर!) मग २०१२ मध्ये कायदा आला आणि प्रत्येक मालकाने १ फेब्रुवारी २०१३ पर्यंत टाकी नोंदवायची असं ठरलं. तरी उशीर झालाच. डिसेंबर २०१२ मध्ये कोर्टाने वीस लाख युरो दंड ठोठावला आणि पुढे दिवसाला बारा हजार युरोंचं मीटर लावलं.

लोक भडकले होते. खेड्यातल्या माणसाचं म्हणणं असं की शहरवाल्यांच्या ड्रेनेजला सरकार पैसे घालतं, आणि आम्ही स्वतःच्या खर्चाने टाकी बांधली तर आमच्याकडूनच फी? मला विचाराल तर मुद्दा बिनतोड आहे. फी पन्नास युरो ठरली होती, आरडाओरडा झाल्यावर लवकर नोंदवणाऱ्यांना, म्हणजे २८ सप्टेंबर २०१२ पर्यंत, पाच युरो केली. पाच युरो म्हणजे तिथे कॉफी आणि बन.

त्या नोंदणीत मला आवडलेली गोष्ट अशी की ती परवानगी नाही. मालकाचं नाव, पत्ता, टाकी कुठे आहे, एवढं सांगायचं. फॉर्म भरताना कोणी इन्स्पेक्टर दारात येत नाही, त्यामुळे त्याला चहा पाजावा लागत नाही. नवी टाकी बांधायची असेल तर जमिनीत खड्डा खणून पाणी किती वेगाने मुरतं ती चाचणी वगैरे आधी बांधकाम परवानगीत होते, ते वेगळं. तपासणी नंतर, निवडक घरांची. ती फारच थोडी होते हेही खरं, वर्षाला हजार-बाराशे टाक्या, आणि त्यातल्या साधारण निम्म्या नापास होतात. पाच लाखांत बाराशे म्हणजे चेष्टाच आहे. पण आपण किती टाक्या नापास आहेत हे सांगूच शकत नाही, कारण एकूण किती आणि कुठे आहेत तेच माहीत नाही. शिवाय तिथे नापास झालेल्याला दुरुस्तीसाठी अनुदान मिळू शकतं, २०२४ पासून बारा हजार युरोंपर्यंत. नुसता दंडुका नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: आपल्याकडे अजून एक कागद म्हणजे टेबलाखालून अजून एक पाकीट. मान्य. म्हणूनच मला 'ना हरकत दाखला' ह्या प्रकारातलं काहीही नकोय. घरपट्टीला जोडलेलं स्वतःच भरायचं एक पान पुरे. टाकी कुठे, केवढी, कप्पे किती, झाकण कुठे, पाणी कुठे सोडलंय, विहिरीपासून किती लांब, शेवटची कधी उपसली. आणि घर विकताना ते पान खरेदीखताला जोडायचं. त्या क्षणी घेणारा स्वतःच इन्स्पेक्टर होतो, त्याला पगार द्यावा लागत नाही.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना वाईला पाठवावं. वाई नगरपरिषदेने गावातल्या मालमत्तांची पाहणी करून २०१८ पासून टाक्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. तीन वर्षांत प्रत्येक घराची पाळी. टाकी भरून वाहायची वाट बघायची नाही, गाडीच तुमच्या दारात येते, पैसे स्वच्छता करातून, आणि उपसलेला मैला शेतात किंवा नदीत न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. सिन्नरनेही तेच केलं. आधी यादी, मग गाडी. यादीशिवाय वेळापत्रक होऊच शकत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आणि आता जे खरं बोलायचं होतं ते. टाकीत उतरून माणसं मरतात. बातमी तुम्ही वाचलेली असते, बहुतेक वेळा आतल्या पानावर चार ओळी. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला लावणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त नगरपालिकेला नाही, कोणाही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे तुम्हाला आणि मला. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

माणूस आत का उतरतो? बरेचदा कारण अगदी साधं असतं. वर्षानुवर्षं न उपसल्याने गाळ दगडासारखा झालेला, पाइप ओढत नाही. झाकण इतकं लहान किंवा अशा जागी की गाडीचा पाइप तिथे पोचत नाही. आत किती कप्पे, मधली भिंत कुठे, कोणाला पत्ता नाही, मग "जरा उतरून बघ रे". म्हणजे ज्या माहितीला आपण कटकट म्हणतो ती कागदावर नसल्यामुळे कोणीतरी पाचशे-हजार रुपयांसाठी ती शोधायला आत जातो. आणि तो कोण असतो, कुठल्या वस्तीतून येतो, हे मी लिहायची गरज नाही, तुम्हाला माहीत आहे.

सरकार हा फॉर्म काढेल तेव्हा काढेल. तोवर ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी स्लॅब पडायच्या आधी टाकीचे फोटो काढून ठेवा, कंपाउंडच्या भिंतीपासूनची अंतरं टेप लावून लिहा आणि तो कागद लॅमिनेट करून लाईटच्या मीटरच्या पेटीत आतून चिकटवा. उपसल्याच्या पावत्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा. जुनं घर घेत असाल तर टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याला झाकण उघडून दाखवायला सांगा, आणि पाइप कुठे जातो ते चालत जाऊन बघा. आणि मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवा, झाकणावर फरशी बसवायची नाही, दिसायला कितीही वाईट दिसलं तरी.